मालवणच्या किनाऱ्यावर समाजभवन बांधायचे तर

समाजबांधवांनो, आपल्या वार्षिक सभेत गेली काही वर्षे एक सूचना हमखास येते. तालुक्याच्या ठिकाणी, मालवण शहरात, समुद्राच्या बाजूला आपले स्वतःचे भव्य भवन असावे, ही ती सूचना होय. सूचना मांडणारा बहुधा मुंबईहून आलेला असतो. टाळ्या पडतात, कोणीतरी पहिली देणगी जाहीर करतो आणि पुढच्या सभेपर्यंत विषय तेथेच राहतो. याचे कारण केवळ पैशाची अडचण नव्हे. ते भवन कोठे बसते, कोणाच्या नावावर राहते आणि खाऱ्या वाऱ्यात किती वर्षे टिकते, याचा अभ्यास आपण केलेला नाही. प्रस्तुत लेखात तो आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे मांडीत आहोत. विद्यार्थ्यांनी तो धडा म्हणून वाचावा आणि आमचे चुकेल तेथे आम्हास जरूर सांगावे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही. भवन समुद्र दिसेल असे जरूर असावे, परंतु ते वाळूत असू नये. रस्त्याच्या जमिनीकडील बाजूस, थोड्या उंचवट्यावर, बेताच्या आकाराचे आणि वर्षाचे बाराही महिने उघडे राहणारे भवन आम्हास हवे आहे.

दर्शनी जागेचा आग्रह

‘समुद्राच्या बाजूलाच हवे’ या आग्रहाला काही जण हौस म्हणतात. आम्हास ते पटत नाही. कोकणातील जुन्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. देऊळ, बाजार, शाळा मध्ये आणि आपली वाडी पाणंदीच्या शेवटाला, कातळावर नाहीतर ओहोळापलीकडे. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातही, कूळ खोताच्या मर्जीवर जगत होते. या खोतीविरुद्ध परमपूज्य बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. प्रत्यक्षात खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. हा इतिहास असलेल्या समाजाला गावाच्या मध्यभागी, चारचौघांच्या नजरेसमोर एक दार आपले असावे असे वाटले तर त्यात गैर काय?

परंतु किनारा रिकामा दिसतो तो पाहुण्याला. दांडीवर किंवा चिवल्यावर पहाटे उभे राहा. रापणीचे जाळे समुद्रात गोल सोडलेले असते आणि त्याची दोन्ही टोके माणसे किनाऱ्यावरून ओढीत असतात. होड्या वर घ्यायला, जाळी वाळवायला, मासळीची वाटणी करायला तीच वाळू लागते. गाबीत व इतर मच्छीमार बांधवांचे ते अंगण होय. ज्यांच्या पाण्यावरच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाने दुसऱ्याच्या अंगणात चौथरा बांधावा हे आम्हास तरी शोभणारे वाटत नाही. उलट, जागा ठरविण्यापूर्वी शेजारच्या मच्छीमार संस्थेकडे जाऊन बोलणे करावे. पुढे पन्नास वर्षे शेजारी राहायचे आहे.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींचे एक उदाहरण मनन करण्यासारखे आहे. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीच्या परिसरात कुडे येथे बौद्ध लेण्यांचा समूह आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतील ही २६ लेणी. खाली खाडी, जवळ बंदर, व्यापाऱ्यांची ये-जा. तरीही लेणी पाण्याकाठी नाहीत. ती टेकडीच्या अंगाला, पाणी नजरेत राहील पण अंगावर येणार नाही अशा उंचीवर कोरलेली आहेत आणि त्यांच्यासोबत पावसाचे पाणी साठविणारी पोढी आहेत. तेथील शिलालेखांत स्थानिक सत्ताधारी महाभोजांच्या घराण्याबरोबर माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशा दात्यांची नोंद आढळते. कोणी काय दिले हे दगडावर लिहून ठेवण्याची ती रीत, आजच्या आपल्या पावतीपुस्तकापेक्षा अधिक टिकाऊ म्हणावी लागेल!

भरतीरेषा आणि कायदा

समुद्राकाठी बांधकाम करताना ज्या नियमांशी गाठ पडते त्यांना सागरी किनारा नियमन क्षेत्र, बोलीभाषेत ‘सीआरझेड’, असे म्हणतात. केंद्र सरकारने याची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली, दुसरी ६ जानेवारी २०११ रोजी आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ रोजी. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. खाडीकाठी हा पट्टा २०१९ च्या अधिसूचनेनुसार ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा धरला जातो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, भरतीरेषा म्हणजे आपण काल पाहिलेली पाण्याची खूण. तसे नाही. ती अधिकृत संस्थेने आखून मंजूर नकाशावर दाखविलेली रेषा असते. दुसरा गैरसमज असा की, जागा नगरपालिकेच्या हद्दीत असली म्हणजे सर्व मोकळे. तसेही नाही. शहरातील दाट वस्तीच्या, रस्ते व गटारे झालेल्या भागाला दुसरा वर्ग मिळतो. तेथे पूर्वीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूस बांधता येते, समुद्राकडील बाजूस नाही. ग्रामीण पट्ट्याला तिसरा वर्ग. त्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक वस्ती असल्यास भरतीरेषेपासून ५० मीटर आणि त्याहून विरळ वस्ती असल्यास २०० मीटर जागा विकासास बंद राहते. म्हणून आपल्या मनातील जागेचा सर्व्हे नंबर नकाशावर कोणत्या वर्गात पडतो, हे पाहिल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही देऊ नये. देणगीदाराचा उत्साह आणि दलालाची घाई ही दोन्ही कारणे येथे सारखीच घातक आहेत.

शिवाय मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य जाहीर झालेले आहे. तेव्हा सांडपाण्याचा विचार ‘जाईल समुद्रात’ असा करून चालणार नाही. वाळूत शोषखड्डा पटकन पाणी ओढतो म्हणून गवंडी खूश असतो. पण तेच पाणी शेजारच्या विहिरीकडे सरकते. खड्डा विहिरीपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्यावा.

कोणाच्या नावावर?

आपल्यापैकी कित्येकांच्या मनात असते की, वाडवडिलांची जमीन आहे, त्यातील चार गुंठे समाजाला देऊ. भावना थोर आहे, परंतु सातबारा उघडला की अडचण दिसते. उताऱ्यावर तीस-तीस सहहिस्सेदार असतात. निम्मे मुंबईत, काही सुरतेत, काहींचे वारस लागलेलेच नाहीत. सर्वांच्या सह्यांशिवाय बक्षीसपत्र होत नाही आणि बक्षीसपत्र नोंदणीकृत नसेल तर ते नुसते कागद होय. त्यातून जमीन महार वतनाची असेल तर आणखी एक पायरी आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने १ फेब्रुवारी १९५९ पासून संपुष्टात आली. जमिनी पुन्हा वतनदारांना मिळाल्या, पण बहुधा नवीन अविभाज्य शर्तीवर. अशा भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून करता येत नाही. ही शर्त आपल्या जमिनी धनदांडग्यांच्या घशात जाऊ नयेत म्हणूनही उपयोगी पडली आहे. तेव्हा तिला शिव्या न देता रीतसर अर्ज करावा.

जागा संस्थेच्या नावावर झाली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० प्रमाणे तिची नोंद करण्यासाठी ९० दिवसांत बदल अहवाल, ज्याला आपण ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतो तो, दाखल करावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना ती विकता, बदलता वा बक्षीस देता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. शासनाच्या योजनेतून बांधलेल्या समाजमंदिराची गोष्ट निराळी. ते सर्वसाधारणपणे ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरी राहते. त्यात वाईट काहीच नाही, फक्त ‘आपले’ या शब्दाचा अर्थ तेथे वेगळा होतो, हे देणगी देणाऱ्यास आधी कळले पाहिजे.

हे सारे कोरडे वाटेल. म्हणून दादरच्या आंबेडकर भवनाची आठवण करून देतो. बाबासाहेबांनी समाजाच्या केंद्रासाठी मिळविलेली ती जागा. तेथेच बुद्धभूषण छापखाना होता. २५ जून २०१६ च्या पहाटे, अंधारात, ती वास्तू पाडण्यात आली. इमारत धोकादायक असल्याचे विश्वस्तांचे म्हणणे होते. समाजाचे म्हणणे होते की, हा वारसा आहे आणि तो असा पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. कोणाची बाजू खरी हे ठरविण्याचे हे ठिकाण नव्हे. परंतु ज्या दिवशी विश्वस्तपत्र लिहिले जाते त्या दिवशी ‘पाडणे, वाढविणे, विकणे याबाबत सर्वसाधारण सभेच्या किती मताने निर्णय होईल’ हे वाक्य त्यात घालून ठेवणे, हे नंतर मोर्चा काढण्यापेक्षा सोपे असते. आपल्याकडे गाव शाखा आणि मुंबई शाखा यांच्यात हा प्रश्न आज ना उद्या येणारच. पैसा बहुतांशी मुंबईचा आणि किल्ली गावाकडे, अशी आपली रचना आहे. विश्वस्त मंडळात दोन्हीकडची माणसे, त्यांत महिला, आणि निदान एक चाळिशीच्या आतील व्यक्ती असावी असे आम्ही सुचवितो.

खारा वारा

आता बांधकाम. येथे आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण येथेच आम्ही स्वतः फसलो आहोत. पूर्वी एका वाडीतील समाजमंदिराच्या बांधकामात आमचा हात होता. स्लॅब आम्ही मोठ्या अभिमानाने घातला. वाळू खाडीची, न धुतलेली. पाणी किनाऱ्याजवळच्या विहिरीचे, आणि तेही मे महिन्यातले, जेव्हा ते ओठाला मचूळ लागते. थोड्याच वर्षांत छताला तडे गेले, मग पोपडे पडू लागले आणि एका पौर्णिमेला वंदना चालू असता वहीएवढा तुकडा खाली आला. सुदैवाने कोणास लागले नाही. त्या दिवसापासून आम्ही इंजिनिअर मित्रांच्या मागे लागून हे शिकलो.

काँक्रीट चुन्यासारखे अल्कधर्मी असते. त्यामुळे आतील सळईवर एक पातळ संरक्षक थर राहतो. मिठातील क्लोराइड ओलाव्याबरोबर आत झिरपले की तो थर फुटतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुगते व तडकते. त्या तड्यातून आणखी मीठ आत शिरते. म्हणजे तडा दिसतो तेव्हा रोग जुना झालेला असतो, वरून सिमेंटचा गिलावा मारून तो बरा होत नाही.

यावर उपाय भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये स्पष्ट दिलेला आहे. किनारी हवामानात उघड्यावर असलेल्या सळईयुक्त बांधकामाला ‘तीव्र’ वर्ग लागतो. त्यासाठी काँक्रीट किमान एम-३० प्रतीचे आणि सळईवर काँक्रीटचे आवरण किमान ४५ मिलिमीटर हवे. जेथे लाटांचे तुषारच अंगावर येतात तेथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. सौम्य हवेच्या प्रदेशात हेच आवरण २० मिलिमीटर चालते. आपला मिस्त्री बहुधा तिकडचाच हिशेब इकडे लावतो. कालवण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असेही तेच मानक सांगते. पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठविण्याचा खर्च एका सिमेंटच्या गोणीच्या आसपासचा. पण ती बाटली पाठविणारा सचिव आपल्याकडे विरळाच.

कोणाला यात अतिशयोक्ती वाटत असेल तर मालवणच्याच राजकोटाकडे पाहावे. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी, कोसळला. गंज, चौकटीचा कमकुवतपणा आणि जोडकामातील दोष ही कारणे चौकशीत पुढे आली. ११ मे २०२५ रोजी तेथे नवा ६० फुटी पुतळा उभा राहिला. समोरच कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत उभा आहे. त्याच्या पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात. गंजणारे लोखंड त्या तटाला उभे ठेवीत नाही, हे मुख्य.

म्हणून आमचा कल जांभ्याच्या चिऱ्याकडे आहे. हा आपल्या मातीचा दगड. खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागली की कठीण होणारा. भिंती चिऱ्याच्या, छप्पर उतरते, त्यावर मंगळुरी कौले, आणि चारी बाजूंनी रुंद पडवी. पावसाची झड भिंतीला लागणार नाही आणि कार्यक्रमाला वाढलेली माणसे पडवीत बसतील. जेथे काँक्रीट अटळ आहे तेथे वरील नियम कसोशीने पाळावेत. घुमट हवाच असा आग्रह असेल तर तो लहान असावा. सांचीचा घुमट डोळ्यांसमोर ठेवून फेरोसिमेंटचा पातळ कवचासारखा घुमट समुद्रासमोर उभा करणे म्हणजे जाळीच्या गंजाला निमंत्रण होय.

वाऱ्याचाही विचार हवा. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान आणि मे २०२१ चे तौक्ते आम्ही अनुभवले आहे. तौक्तेने मालवण-देवबागच्या पट्ट्यात घरांची छपरे नेली, माड उन्मळले, वीज कित्येक दिवस नव्हती. कौले लाकडी रिपांवर नुसती ठेवून भागत नाही, कडेच्या ओळी तारेने बांधाव्या लागतात. आणि भवनाचा एक भाग, निदान एक मोठी खोली, पक्क्या छताची असावी, जेथे वादळात शेजारपाजारची कुटुंबे, मग ती कोणत्याही समाजाची असोत, रात्र काढू शकतील.

वर्षाचे उरलेले दिवस

आपण भवनाचे माप १४ एप्रिलच्या गर्दीवर काढतो. ती गर्दी एका दिवसाची. पटांगण मोकळे ठेवले आणि मांडव घातला की भागते. दादरच्या चैत्यभूमीचा स्तूप लहानसाच आहे, पण ६ डिसेंबरला लाखो लोक येतात ते शिवाजी पार्कच्या मोकळ्या मैदानामुळे सामावतात. मांडी घालून बसलेल्या माणसाला वाट धरून तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे ९ चौरस फूट जागा लागते. १५० माणसांच्या वंदनेला १३५० चौरस फुटांचे दालन पुरे. एवढे दालन, एक अभ्यासिका, मुलींसाठी राहण्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे, सारे मिळून २,००० चौरस फुटांच्या छपराखाली, एका अर्ध्या मजल्यासह, बसविता येईल.

अभ्यासिकेवर आमचा विशेष जोर आहे. आतल्या गावांतून मालवणला महाविद्यालयात येणाऱ्या मुलींची शेवटची एस.टी. संध्याकाळी लवकर सुटते आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांना बसायला जागा नसते. त्यांच्यासाठी दिवा, टेबल, पंखा आणि दाराला आतून कडी, एवढे दिले तरी भवन उघडे राहील. प्रवेशाला उतार करावा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणात. आपल्या वृद्ध उपासिका पायऱ्यांमुळे खालीच बसून राहतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. २,००० चौरस फूट म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर छप्पर. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर पाऊस धरला तर १८६ गुणिले ३, म्हणजे ५५८ घनमीटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी जवळजवळ साडेचार लाख लिटर पाणी पागोळ्यांतून वाहून जाते. त्यातील ४०,००० लिटरची टाकी भरून ठेवली तर रोज ४०० लिटरप्रमाणे १०० दिवस पुरेल. फेब्रुवारीपासून विहीर मचूळ होत जाते, तेव्हा याच टाकीची गरज लागते. कुड्याची पोढी याच हिशेबाची होती.

नकाशा काढण्यास आर्किटेक्ट लागेल, परंतु त्यापूर्वीची कामे आपली आहेत. विद्यार्थ्यांच्या एका गटाने सुचविलेल्या तीन जागांचे सातबारा व नकाशावरील वर्ग काढावेत. दुसऱ्या गटाने येत्या आषाढातील अमावास्येच्या आणि श्रावणातील नारळी पौर्णिमेच्या उधाणाला त्या जागांवर प्रत्यक्ष उभे राहून पाणी व तुषार कोठवर आले तेथे खुंट्या ठोकाव्यात, आणि आसपासच्या तीन विहिरींचे पाणी जानेवारीत व मेमध्ये तपासून घ्यावे. अधिकृत भरतीरेषेची जागा या खुंट्या घेणार नाहीत, पण सभेत हात वर करणाऱ्याला आपण कशासाठी हात वर करतो आहोत हे त्यांवरून दिसेल. या नोंदी लेखी स्वरूपात, मापासह, पुढील वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी कार्यालयात द्याव्यात. गाव शाखा व मुंबई शाखा दोघींनाही त्यांच्या प्रती पाठविण्याची जबाबदारी आम्ही घेतो.